पहाडी आवाजाचा शाहीर

शायर हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. जो शेर रचतो आणि मुशायऱ्यात म्हणून दाखवतो, तो शायर. मराठीत याच्या अगदी जवळचा एक शब्द आहे : शाहीर. हे दोन्ही शब्द मुळात एकच. अरबी भाषेतला हा शब्द फारसी आणि उर्दू यांच्या सोबतीने दख्खनमध्ये आला आणि मराठी माणसाच्या जिभेवर रुळता रुळता ‘शाहीर’ झाला. शब्दाचे रूप बदलले, तसा माणूसही थोडा बदलला. शायर बहुधा मैफिलीत, जाणत्या रसिकांपुढे आपली गझल म्हणतो. शाहीर चौकात, मैदानात, जत्रेत उभा राहतो. त्याच्यापुढे शेतकरी असतात, हमाल असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायका असतात. पूर्वी त्यांतल्या पुष्कळांना लिहितावाचता येत नसे. शाहिराचे गाणे हेच त्यांचे इतिहासाचे पुस्तक आणि तेच त्यांचे वर्तमानपत्र.

या पाठात आपण अशाच एका शाहिराची ओळख करून घेणार आहोत. त्यांचे नाव अमर शेख. पण त्याआधी शाहीर काय गातो आणि कसा गातो, हे थोडे समजून घेऊ. म्हणजे अमर शेखांचे मोठेपण कशात होते, ते नीट कळेल.

शाहिराच्या गाण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत, पोवाडा आणि लावणी. लावणीत माणसाच्या मनातल्या गोष्टी येतात : प्रेम, रुसवा, विरह. पोवाडा म्हणजे घडलेल्या घटनेचे गाणे. लढाई, पराक्रम, दुष्काळ, एखाद्या थोर माणसाचे जीवन, हे पोवाड्याचे विषय. पुण्याजवळचा सिंहगड तुम्ही पाहिला असेल. १६७० साली तानाजी मालुसरे यांनी रात्रीच्या अंधारात तो किल्ला घेतला आणि त्या लढाईत ते कामी आले. ही हकीकत तुळशीदास नावाच्या शाहिराने पोवाड्यात गुंफली. पुढच्या कित्येक पिढ्यांनी ही लढाई वाचली नाही, ऐकली. असा एखादा पोवाडा तुम्ही ऐकाल, तेव्हा फौज, किल्ला, सरदार, मोहीम असे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतील. त्यांचा अर्थ तुम्हांला कोणी सांगावा लागणार नाही.

शाहिराच्या हातात डफ असतो. हा शब्दही तुमचाच. उर्दूत ‘दफ’ म्हणतात. लाकडाचे गोल कडे आणि त्यावर एका बाजूने ताणून बसवलेले कातडे, एवढेच हे वाद्य. पावसाळी हवेने कातडे सैल पडले की डफाचा आवाज बसतो. मग तो विस्तवावर जरा शेकतात. कातडे पुन्हा ताणले जाते आणि थाप खणखणीत वाजू लागते. डफाच्या जोडीला तुणतुणे असते. त्याला एकच तार. तिच्यातून एकच सूर निघतो, पण तो सारखा चालू असतो, त्यामुळे गाणाऱ्याचा सूर हलत नाही. मराठीत एखादा माणूस तेच तेच बोलत राहिला, तर “त्याचे तुणतुणे चालू आहे,” असे म्हणतात, ते यावरूनच.

शाहिराच्या मागे दोनतीन साथीदार उभे असतात. त्यांना झीलकरी म्हणतात. शाहीर एक कडवे म्हणतो. शेवटचे शब्द झीलकरी उचलतात आणि “जी जी रं जी” असा लांब सूर लावतात. ऐकणाऱ्याला वाटते की ही फक्त शोभा आहे. तसे नाही. तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, पुढचे कडवे आठवतो आणि लोकांच्या तोंडाकडे पाहून काय वाढवायचे, काय गाळायचे ते ठरवतो. मागच्या रांगेतल्या माणसाला जे शब्द नीट ऐकू आलेले नसतात, ते झीलकऱ्यांमुळे त्याला दुसऱ्यांदा मिळतात. लाऊडस्पीकर नसलेल्या काळातली ही फार हुशारीची योजना होती.

पुणे हे शाहिरांचे जुने शहर आहे. पेशव्यांच्या काळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर अशा शाहिरांची नावे या शहरात गाजत होती. त्यांच्याच बरोबरीने सगनभाऊंचे नाव घेतले जाई. सगनभाऊ मुसलमान होते. त्यांचा धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. त्यांच्या लावण्या आजही अभ्यासल्या जातात. होनाजी जातीने गवळी, राम जोशी ब्राह्मण. शाहिराचा फड हा त्या काळी जात आणि धर्म थोडे बाजूला ठेवणारा एक मोकळा कोपरा होता, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १८६९ साली महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजीमहाराजांवर पोवाडा लिहिला. निबंध लिहून शेतकऱ्यांपर्यंत पोचता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पोवाड्याने पोचता येत होते.

आता आपल्या शाहिराकडे वळू.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी नावाचे गाव आहे. कापसाची पेठ, कापडाच्या गिरण्या आणि १८९७ साली सुरू झालेली छोट्या रुळांची ‘बार्शी लाइट रेल्वे’ यांमुळे हे गाव तेव्हा सगळीकडे माहीत होते. या गावात २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब घरात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव मेहबूब हुसेन पटेल. हाच मुलगा पुढे अमर शेख झाला.

मेहबूबच्या आईचे नाव मुनेरबी. मेहबूबला गाणे मिळाले ते तिच्याकडून. कोणी उस्ताद त्याच्या घरी शिकवायला आला नाही आणि कोणत्या संगीतशाळेत त्याचे नाव घातले गेले नाही. मुनेरबींना ओव्या आणि लोकगीते येत होती. ती ऐकता ऐकता मुलाच्या गळ्यात उतरली.

ओवी म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. पूर्वी घरोघर दगडाचे जाते असे. बायका पहाटे उठून जात्यावर ज्वारी दळत. हे काम कष्टाचे. दोघी समोरासमोर बसून खुंटा फिरवत आणि त्या लयीवर ओव्या गात. माहेरची आठवण, भावाची माया, सासूचा जाच, मुलाचे कौतुक, असे सारे त्यांत येई. कोणी लिहून घेत नसे. एकीच्या तोंडून दुसरीच्या कानी, आईकडून मुलीकडे, अशा त्या चालत आल्या. घरोघर पिठाची गिरणी पोचली आणि जाते थांबले. जात्याबरोबर ओव्याही थांबू लागल्या. तेव्हा हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या पुण्यातल्या दोन अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून त्या जमवायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावे आणि एक लाखाहून जास्त ओव्या, एवढा तो ठेवा झाला. आज तो जपून ठेवलेला आहे आणि कोणालाही ऐकता येतो. तुमच्या आजीला किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईंना विचारून पाहा. त्यांना दोनचार ओव्या नक्की येत असतील.

मेहबूबच्या घरी दारिद्र्य होते. त्यामुळे शाळा फारशी झाली नाही. लहान वयातच त्याला पोटासाठी काम शोधावे लागले. तो मोटारीवर क्लीनर झाला. क्लीनर म्हणजे गाडी धुणारा, इंजिनात पाणी घालणारा आणि ड्रायव्हरच्या शिव्या खाणारा मुलगा. नंतर तो गिरणीत कामगार झाला. गिरणीत दिवसभर सांच्यांचा खडखडाट चालतो. शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते. त्यांचा आवाज गिरणीने मोठा केला, असे मी म्हणणार नाही. आवाज त्यांना जन्मापासूनच होता. पण दमलेला माणूस कसले गाणे ऐकायला थांबतो, हे त्यांना गिरणीनेच शिकवले असावे.

तो काळही शांत नव्हता. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला, तेव्हा मेहबूब चौदाव्या वर्षात होता. सोलापूर जिल्ह्यात तर त्या वर्षी फार मोठी चळवळ झाली. सोलापूर शहरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा लावला आणि मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना जानेवारी १९३१ मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिले. अशा हवेत वाढलेला मुलगा गप्प कसा राहील? पुढे गिरणी कामगारांचा संप झाला, त्यात मेहबूबने भाग घेतला आणि त्याला विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. विसापूर आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तुरुंगात त्याची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी ओळख झाली. कामगारांनी एकजुटीने आपला हक्क मागावा, हा विचार त्याला पटला. तो शेवटपर्यंत त्याने सोडला नाही.

यानंतर तो कोल्हापूरला गेला. कोल्हापुरात तेव्हा चित्रपट तयार होत असत. मास्टर विनायक या प्रसिद्ध नटदिग्दर्शकांच्या स्टुडिओत त्याला काम मिळाले. तेथल्या मित्रांनी त्याला नवे नाव दिले : अमर शेख. या नावाकडे जरा लक्ष द्या. ‘अमर’ हा संस्कृत शब्द, ‘शेख’ हा अरबी. मित्रांनी फार विचार करून हे नाव ठेवले असेल असे नाही. पण त्यांचे सगळे आयुष्य त्या दोन शब्दांत मावते.

अमर शेख मुंबईला आले. मुंबईत लालबाग, परळ, वरळी हा सारा भाग गिरण्यांचा होता. म्हणून त्याला गिरणगाव म्हणत. कोकणातून, घाटावरून आलेली लाखो माणसे तेथे चाळींमध्ये दाटीवाटीने राहत. एकेका खोलीत दहाबारा जण. बायकामुले गावी. या माणसांना आपली गोष्ट सांगणारा कोणी तरी हवा होता. १९४४ साली तीन तरुण एकत्र आले आणि त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ सुरू केले. बावटा म्हणजे झेंडा. ते तीन तरुण म्हणजे अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख.

या तिघांची जोडणी मोठी छान जमली होती. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. मातंग समाजात जन्मलेले. शाळेत ते दीड दिवसच गेले असे म्हणतात; पण पुढे त्यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. गव्हाणकरही शाहीर आणि लेखक. अण्णा भाऊंनी लिहावे आणि अमर शेखांनी गावे, असे पुष्कळदा होई. अमर शेख स्वतःही गीते रचत. जुन्या तमाशात सुरुवातीला गण म्हणजे गणपतीचे स्तवन आणि मग गवळण असे. अण्णा भाऊंनी त्यात बदल केला. गणाच्या जागी मातृभूमीला आणि कष्ट करणाऱ्या माणसांना वंदन आले, गवळण गाळली. विषय नवे झाले : बंगालचा दुष्काळ, सावकार, संप, महागाई. चाल मात्र लोकांच्या ओळखीचीच ठेवली. जुन्या चालीत नवी गोष्ट सांगितली की ती लगेच मनात उतरते, हे या तिघांनी बरोबर ओळखले होते.

याच काळात, याच मुंबईत उर्दूचे शायरही असेच काम करीत होते. कैफी आझमी आणि अली सरदार जाफरी कामगारांच्या सभांतून आपल्या नज्म म्हणत. ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेच्या छत्राखाली मराठी शाहीर, उर्दू शायर, बंगाली गायक आणि गुजराती नट एकमेकांना भेटत. म्हणजे पाठाच्या आरंभी आपण जे दोन शब्द पाहिले, शायर आणि शाहीर, ते तेव्हा मुंबईत एकमेकांच्या शेजारीच राहत होते.

अमर शेखांचा आवाज कसा होता? ज्यांनी तो ऐकला, ते सगळे एकच शब्द वापरतात : पहाडी. डोंगरावरून हाक मारली की ती दरीत घुमत जाते, तसा. लाऊडस्पीकर बंद पडला तरी त्यांचे गाणे थांबत नसे, असे सांगतात. अंगाने धिप्पाड, डोक्यावर भरपूर केस, हात उंचावून गाण्याची पद्धत. ते पहिलाच सूर उंच लावत. मैदानावरची गडबड त्या एका सुराने शांत होई. मग खाली येऊन गोष्ट सांगितल्यासारखे गात आणि नेमक्या ठिकाणी पुन्हा वर जात. आवाज नुसता मोठा असून भागत नाही. भाजी विकणाऱ्याचाही आवाज मोठाच असतो. कोणत्या शब्दावर जोर द्यायचा आणि कोणता शब्द हळूच सोडायचा, हे ज्याला कळते, त्याचे गाणे हजार माणसांत बसलेल्या एकेकट्याला आपल्यासाठीच आहे असे वाटते.

असे गाणारा माणूस सरकारला आवडतोच असे नाही. इंग्रजांचे राज्य गेले, पण कामगारांचे हाल एका दिवसात संपले नव्हते. लाल बावटा कलापथक त्या हालांबद्दल गात राहिले. तेव्हा मुंबई राज्याच्या सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. गाण्यावर बंदी! गायकाच्या दृष्टीने याहून मोठी शिक्षा कोणती? आणि खरे पाहिले तर याहून मोठे कौतुक तरी कोणते? कोणी ऐकतच नसेल, तर बंदी कशाला घालायची? पुढे अमर शेखांनी स्वतःचे कलापथक काढले आणि गावोगाव हिंडून गाणे चालू ठेवले. या कामात पैसा नव्हता. आज या गावी, उद्या त्या गावी. मिळेल ते खायचे, मिळेल तेथे झोपायचे. सिनेमात गेले असते तर सुख मिळाले असते. त्यांनी चित्रपटांत कामे केलीही, पण घर मांडले ते मैदानावर.

अमर शेखांचे नाव घराघरांत पोचले ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. ही चळवळ कशासाठी होती, ते थोडक्यात पाहू. स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्ये करावीत असे ठरत होते. मराठी बोलणाऱ्या लोकांचे, मुंबईसह एक राज्य व्हावे, अशी मराठी जनतेची मागणी होती. ती मान्य होत नव्हती. मुंबईत मोर्च्यांवर गोळीबार झाला आणि या चळवळीत शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात निरनिराळ्या पक्षांचे पुढारी जमले आणि त्यांनी ‘संयुक्त महाराष्ट्र समिती’ स्थापन केली. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे असे एकमेकांशी नेहमी भांडणारे लोक या एका प्रश्नावर एकत्र आले.

पुढारी भाषणे करीत. पण भाषणाच्या आधी मैदान भरावे लागते, आणि भरलेले मैदान तापवावे लागते. ते काम शाहिरांचे. पुण्यात शनिवारवाड्यापुढे आणि मुंबईत शिवाजी पार्कवर प्रचंड सभा होत. खेड्यांत गॅसबत्तीच्या उजेडात होत. अमर शेख, अण्णा भाऊ आणि गव्हाणकर यांनी या दिवसांत सारा महाराष्ट्र पालथा घातला.

या चळवळीतले सर्वांत गाजलेले गाणे म्हणजे अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड. छक्कड हा लावणीचाच एक प्रकार आहे. हे गाणे कसे रचले आहे, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत पोट भरायला आलेला एक कामगार गावी राहिलेल्या आपल्या बायकोची आठवण काढतो. तिचे रूप, तिचे बोलणे, निघताना तिचा पडलेला चेहरा. मैदानात बसलेल्या निम्म्या माणसांची बायको गावीच असे. त्यांचे डोळे भरून येत. आणि मग गाणे हळूच वळते. जशी ही मैना दूर राहिली, तसेच बेळगाव, कारवार, निपाणी, डांग हे मराठी मुलूखही आपल्यापासून दूर राहिले, असे शाहीर सांगतो. नकाशावरची रेघ म्हणजे काय, हे ज्याला भूगोलाच्या पुस्तकातून कधी कळले नसते, त्याला ते मैनेमुळे कळले. अमर शेखांच्या गळ्यातून हे गाणे महाराष्ट्रभर गेले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र या राज्यात आली नाहीत. डांग गुजरातमध्ये गेला. म्हणजे गाण्यातली मैना पुरती घरी आलीच नाही.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. मराठी भाषकांच्या राज्यासाठी जी चळवळ झाली, तिचा आवाज कोणाचा होता? बार्शीच्या मुनेरबींच्या मुलाचा. त्याला कोणी विचारले नाही, की तू शेख, मग तुझा मराठीशी काय संबंध? विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, याचा अंदाज आपण करू शकतो. मराठी त्याने पुस्तकातून घेतली नव्हती. आईच्या ओवीतून घेतली होती. सगनभाऊंपासून चालत आलेली वाट त्याच्या पायाखाली होती. तुमच्यापैकी काही जणांना मराठी ही शाळेतली एक अवघड ‘दुसरी भाषा’ वाटत असेल. व्याकरण चुकते, नपुंसकलिंग आठवत नाही, ‘च’चे दोन उच्चार गोंधळात टाकतात. हे खरेच आहे. अमर शेखांना तर शाळाच फारशी मिळाली नव्हती.

गाण्याबरोबर त्यांनी लेखनही केले. ‘अमरगीत’ हा त्यांच्या गीतांचा संग्रह १९५१ साली निघाला. ‘कलश’ हा कवितासंग्रह १९५८ साली आणि ‘धरतीमाता’ १९६३ साली. ‘पहिला बळी’ हे नाटकही त्यांनी लिहिले. शिवाजीमहाराजांवर आणि होळकरांवर त्यांचे पोवाडे आहेत. गोवा मुक्तीच्या लढ्यातही त्यांचा डफ वाजला.

पण मला विचाराल तर, शाहिराची गीते छापील पानावर वाचून त्याची खरी ओळख होत नाही. पानावर डफ नसतो, झीलकरी नसतात, समोर लोक नसतात. उन्हात वाळवलेले फूल वहीत ठेवावे, तसे ते होते. त्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर ‘प्रपंच’ हा १९६१ सालचा मराठी चित्रपट पाहा. ग. दि. माडगूळकर यांच्या या कथेत एका गरीब कुंभाराचे कुटुंब आहे. अमर शेख आणि सुलोचनाबाई यांनी नवराबायकोची कामे केली आहेत. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ या १९५४ सालच्या चित्रपटातही अमर शेखांची भूमिका आहे. मैदानावर सिंहासारखा गरजणारा हा माणूस पडद्यावर किती साधा आणि हळवा दिसतो, याचे नवल वाटते.

१९६९ हे वर्ष मराठी शाहिरीला फार वाईट गेले. १८ जुलै रोजी अण्णा भाऊ साठे मुंबईत वारले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. मैना लिहिणारा गेला. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरजवळ मोटारीला अपघात झाला आणि मैना गाणाराही गेला. अमर शेखांना त्रेपन्नावे वर्ष चालू होते. इंदापूर हे पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तोच रस्ता पुढे त्यांच्या मुलुखाकडे जातो.

त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री आहेत. ‘वाळूचा प्रियकर’ हा त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध आहे. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे आणि तेथे लोककलांचा अभ्यास चालतो. ज्याला शाळा पुरी करता आली नाही, त्याच्या नावावर विद्यापीठात मुले शिकतात.

दरवर्षी १ मे रोजी महाराष्ट्र दिन असतो. त्या दिवशी, किंवा शिवजयंतीला, पुण्यातल्या एखाद्या चौकात डफ वाजताना ऐकू आला, तर पाच मिनिटे थांबा. ‘माझी मैना’ चालू असेल, तर गाणे कोणत्या ओळीला वळते, ते शोधा. पहिल्याने पुढे उभ्या असलेल्या शाहिराकडे पाहा. मग त्याच्या मागच्या झीलकऱ्यांकडे पाहा, आणि ते शेवटचा शब्द उचलतात तेव्हा शाहीर दम घेतो की नाही, तेही पाहा.